रोमहून नागपूरला फोन कसा करावा

काळ 1990च्या दशकातला, तेव्हा आधी कार्ड घ्यावे. ते तंबाखूच्या दुकानात मिळते आणि दुकानदार दुपारी कुलूप लावून जेवायला जातो. पुण्याच्या दुकानदारांना हसणाऱ्यांची इथे बरोबर जिरते.

खिशात खाचा पाडलेला एक बिल्ला सापडेल. ते फोनचे टोकन, किंमत 200 लिरा. कुणीतरी सुटे म्हणून ते तुमच्या गळ्यात मारलेले असते. तुम्हीही ते कॉफीवाल्याच्या गळ्यात मारावे, तशी रीतच आहे.

कार्ड यंत्रात सरकवावे. यंत्र ते परत ढकलेल. उलटे, सुलटे, शर्टाला पुसून, सगळे करून झाले की रांगेतल्या एखाद्या आजीबाई ते हिसकावून घेतील आणि त्याचा कोपरा मोडतील. ओरडू नये. 10,000 लिरांचे कार्ड कोपरा मोडल्यावरच चालू होते.

आता कानात तुटक सूर येईल. आपल्याकडे असा सूर म्हणजे लाइन एंगेज. इटलीत हाच डायल टोन. सज्जन माणसे इथेच रिसीव्हर ठेवून हॉटेलवर परततात. तुम्ही 00, मग 91, मग 0712मधले शून्य गाळून 712 फिरवावे. वेळ मात्र सांभाळावी: उन्हाळ्यात नागपूर साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. रोममध्ये जेवून रात्री नऊला फोन केलात, तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि ‘हॅलो’च्या आधी ‘कोण गेलं?’ ऐकू येते.

फोन अर्थातच शेजारच्या काकूंकडे आहे. ‘थांब हं, आईला बोलावते,’ म्हणून त्या रिसीव्हर टीव्हीवर ठेवतात. यंत्राच्या पडद्यावर लिरा भराभर घसरतात आणि तुम्ही काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या आंतरराष्ट्रीय दराने ऐकता. आई धापा टाकत येते, ‘जेवलास का?’ विचारते आणि उत्तराआधीच ‘बिल चढत असेल, ठेव आता,’ म्हणते.

यावर जाणकारांचा तोडगा असा: पहिल्या कॉलमध्ये काकूंना फक्त निरोप द्यावा, लगेच ठेवावा आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावावा. तेवढ्यात काकूंचा बंटी मित्राला फोन करून क्रिकेटवर बोलत बसलेला असतो. नंबर फिरवल्यावर आता जो तुटक सूर येईल, तो मात्र खरोखर एंगेजचा.