सापडनं रे भो!

खानदेशात पाऊस नेमाने येत नाही, पण शोध नेमाने लागतात. कुठे शेततळं खणलं जातं, कुठे नदीतला गाळ उपसला जातो, कुठे जुन्या वाड्याची भिंत पाडली जाते. जेसीबीचा दात दगडाला लागतो, ड्रायव्हर खाली उतरतो आणि पाच मिनिटांत ‘सापडनं रे भो!’ ही आरोळी गावभर होते. संध्याकाळच्या आत मूर्तीचं वयही ठरतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दगड काळा असला की हेमाडपंती आणि मोठा असला की पांडवकालीन. तेरा वर्षांत पांडवांनी तापी-गिरणेच्या खोऱ्यात जेवढं बांधकाम उरकलं, तेवढं सार्वजनिक बांधकाम खात्याला अजून जमलेलं नाही. शिवाय पांडवांनी ते कोनशिला न बसवता केलं.

मग मूर्तीला शेंदूर लागतो. जाणकार इथे हळहळतात, की शिल्पाची नजाकत गेली. मला विचाराल तर शेंदूर हे आमच्याकडचं सर्वांत स्वस्त आणि त्यातल्या त्यात कामसू संरक्षण खातं आहे. शेंदूर लागलेल्या दगडापुढे निदान नारळ तरी फुटतो. न लागलेला वीरगळ गोठ्याची पायरी होतो.

कलेचा शोध लागल्यावर पुढे काय करायचं, याचा धडा साहेब घालून गेला आहे. २८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. (अजिंठ्याचा जिल्हा संभाजीनगर, पण रेल्वे स्टेशन जळगाव, म्हणून जळगावकर लेणी घरचीच समजतात आणि घरची असल्यामुळे पाहायला जात नाहीत.) आसपासच्या लोकांना ही लेणी ठाऊकच होती. पण त्यांनी तिथे काही लिहून ठेवलं नाही, म्हणून शोध त्यांच्या नावावर नाही. स्मिथने लिहिलं. दहाव्या लेण्यातल्या चित्रावरच त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि त्यावर तो उभा होता. पुढे ढीग निघाला आणि साहेबाची सही माणसाच्या डोक्याहून उंच राहिली. खानदेशात उंचावर नाव लावण्याची प्रथा तेव्हापासूनची असावी. आज संरक्षित स्मारकाची अशी खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तरीही किल्ल्याकिल्ल्यावर बदाम काढून त्यात बाण मारणारे स्मिथचे वारस संख्येने वाढतच आहेत.

नंतर आला रॉबर्ट गिल. कंपनी सरकारने १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले होते, तिथे १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांना दोनदा आग लागली आणि दोन्ही वेळा ती सुरक्षित ठिकाणी ठेवलेली होती. इथली मूळ चित्रं वटवाघळांच्या ताब्यात होती, ती वाचली. अर्थात पुढे ती वाचवण्याचेही प्रयत्न झालेच. निजामाने १९२० च्या सुमारास इटलीहून माणसं आणून रंग टिकावेत म्हणून लाखेचा हात दिला. लाख पिवळी पडली आणि ती काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली.

गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आता कुणालाही विचारा, गिलने काय केलं? उत्तर मिळेल: पारो! अजिंठा गावच्या पारोवर त्याचं प्रेम होतं, ती लवकर गेली, तिची कबर त्याने बांधली. यावर सिनेमासुद्धा निघाला. गिलने रंग कुठले वापरले, अंधाऱ्या लेण्यात उजेड कसा आणला, कॅमेरा हाती आल्यावर लेण्यांचे फोटो कसे काढले, हे विचारणारा माणूस मला जळगाव-भुसावळच्या पॅसेंजरमध्ये अजून भेटायचा आहे. खानदेशात कलावंताला ओळख हवी असेल तर त्याने एक अपुरी प्रेमकहाणी जोडून द्यावी लागते. कलाकृती नसली तरी भागतं.

ज्याच्याकडे अशी कहाणी नाही त्याचे हाल बघा. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावी पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांना १९७० च्या दशकात उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. त्यावर समांतर रेघांच्या मधे आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली. भारतात इतरत्रही अशा कोरीव कवचांचे दावे झाले. पण तज्ज्ञांनी भिंगाखाली पाहिलं तेव्हा तिथली बरीच ‘नक्षी’ झाडांच्या मुळांनी केलेली निघाली. पाटण्याची नक्षी टिकली, ती माणसाच्याच हातची. म्हणजे या देशातला अगदी सुरुवातीचा चित्रकार आमच्या चाळीसगाव तालुक्यातला! दुसऱ्या एखाद्या राज्यात एवढ्यावर विद्यापीठ निघालं असतं. इथे नवरात्रात पाटणादेवीला लाखांची गर्दी होते आणि त्यातल्या कुणालाही कवच म्हटलं की देवीकवचच आठवतं. शहामृग संकटात वाळूत डोकं खुपसतो ही गोष्ट खोटी आहे म्हणे. असेलही. पण तो जिथे राहून गेला, तिथल्या माणसांनी ती सवय मनापासून उचललेली दिसते.

धुळेकरांनी हसू नये. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ साली राम सुतार जन्मले. जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १९५३ चं मेयो सुवर्णपदक मिळवलं, पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी केली, मग दिल्लीकडे गेले. गांधीजींचे त्यांनी घडवलेले अर्धपुतळे देशोदेशी गेले. चंबळच्या गांधीसागर धरणावर सुतारांचंच पंचेचाळीस फुटी शिल्प उभं आहे. या सगळ्या काळात धुळ्याला पत्ता नव्हता. २०१८ साली गुजरातेत त्यांनीच घडवलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा उभा राहिला आणि त्या उंचीवरून धुळ्याला एकदम गोंदूर दिसलं! ‘आपला माणूस’ म्हणून फलक लागले. फलकावर सुतारांचा फोटो छोटा आणि शुभेच्छुकांचे मोठे होते, ही टीका मी करणार नाही. प्रमाणबद्धता हा शिल्पकलेचा विषय आहे, फलककलेचा नव्हे.

आमच्या शोधांत तारखेचाही एक योग आहे. गावोगावचे दप्तरांचे गठ्ठे पाठीवर वाहून आणणारे इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात गेले ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस गेले ३१ डिसेंबर १९८९ रोजी. त्या रात्री आपण सगळे दुसऱ्याच गडबडीत असतो, त्यामुळे पुण्यतिथी चुकल्याचा दोष कुणाला देता येत नाही. राजवाड्यांचं नशीब एवढंच, की धुळेकरांनी लगेच १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि कागद जपले. धुळ्याच्या बाजूने हे एक पान निर्विवाद जमा आहे, म्हणून ते मी घाईघाईने उलटतो. उपहासाच्या सदराला चांगली गोष्ट फार वेळ सोसत नाही.

उरले मूस. त्यांच्यावर दर वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी ‘उपेक्षित कलावंताचा शोध’ लावतं. प्रत्येक शोध तोच. मलबार हिलवर जन्मलेला पारशी तरुण, मुंबईत राहिलेली प्रेयसी, रेल्वेने येईन म्हणाली, आली नाही. हा जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही, रात्री गाडीच्या वेळेला खिडक्या-दारं उघडून बसायचा. वाचणारा डोळे पुसतो आणि पुढे पाठवतो. चार परिच्छेद गाडीला, दोन मुलीला आणि शेवटच्या ओळीत ‘ते फोटोही काढत.’ फोटोही! टेबलावर चार फुटकळ वस्तू मांडून, दिव्याचा कोन साधून, हा माणूस आख्खा निसर्गदेखावा उभा करायचा आणि पाहणाऱ्याला तो खरा वाटायचा. टेबल-टॉप छायाचित्रण म्हणतात त्याला. संगणकाशिवाय, घराबाहेर न पडता, चाळीसगावात बसून त्याने या कामावर देशापरदेशातली शेकडो बक्षिसं मिळवली. शिल्पं केली, चित्रं काढली, सतार वाजवली. पण ती गाडी नेमकी कुठली होती यावर आमच्याकडे तासभर वाद रंगतो आणि त्या फोटोत उजेड कुठून पडला यावर एक मिनिटही नाही.

तर वाचकहो, यंदा शोध लावायचाच असेल तर खोदकाम नको. चाळीसगावला उतरा. मूस यांचं घर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि त्यांचं काम तिथल्या कलादालनात जपलेलं आहे. आत गेल्यावर त्या मुलीचं नाव विचारू नका. आणि भिंतीवर स्वतःचं लिहू नका.