हॉल आधी कुणाचा?

नवरात्र संपलं की सुतार फोन उचलत नाहीत. दिवाळीपूर्वी हॉल नवा करून हवा म्हणून अर्धं शहर त्यांच्या मागे लागलेलं असतं. करा, जरूर करा. वर्षानुवर्षं कळकटलेल्या खोलीला नवा उजेड, नवी बैठक, नवी कपाटं मिळाली तर घरातल्या सगळ्यांचाच जीव सुखावतो. माझं भांडण खर्चाशी नाही, खर्चाच्या क्रमाशी आहे. आधी फॉल्स सीलिंग, मग टीव्हीमागचं पॅनेल, मग सोफा, आणि घरातली माणसं कुठे बसतात, कुठे वाचतात, कुठे आडवी होतात हा प्रश्न पैसे संपल्यावर.

वन बीएचकेमधल्या हॉलचा दिवस आठवा. सकाळी तिथेच भाजी निवडली जाते, दुपारी आजी तिथेच पडते, संध्याकाळी मुलं तिथेच अभ्यासाला बसतात आणि रात्री तिथेच गाद्या पडतात. भाद्रपदात मखर तिथे, चैत्रात हळदीकुंकू तिथे. पाहुणा येतो, चहा पितो, जातो. तरी खोली सजवायची ती त्याच्या नजरेला बरी दिसावी म्हणून! हा घरच्यांवर अन्याय आहे.

उजेडापासून सुरू करू. तिथे पैसे सर्वांत कमी लागतात आणि चुका सर्वांत जास्त होतात. दुकानात ‘व्हाइट’ मागितला की बहुतेक वेळा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा हातात पडतो. तो दुकानाला शोभतो. रात्री नऊला जेवून टेकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो येतो. आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो वाचा. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसर उजेड, ४००० म्हणजे मधला. बसायच्या जागी पहिला, अभ्यासाच्या जागी दुसरा. आणि वॅट बघून दिवा घ्यायची सवय सोडा. जुना ६० वॅटचा बल्ब द्यायचा तेवढा, म्हणजे सुमारे ८०० ल्युमेन उजेड आज ९ वॅटचा एलईडी देतो. मोजायचे ते ल्युमेन.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवा कुठे आहे. सीलिंगच्या खोबणीत लपवलेली पट्टी छत उजळवते. मांडीवरचा पेपर अंधारातच राहतो. वयाबरोबर डोळ्याची बाहुली आकसते, भिंग पिवळं पडतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे ज्यांना उजेड सर्वांत जास्त लागतो त्यांच्याच खुर्चीशी दिवा नसतो. मुलांचंही तेच. दिवा पाठीमागे असला की त्यांच्याच डोक्याची सावली वहीवर पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डाव्या बाजूने हवा, डावखुऱ्याला उजव्या. एक उभा दिवा आणि भिंतीवरचा एक फिरता दिवा एवढ्यावर भागतं. त्यासाठी छत फोडावं लागत नाही.

फॉल्स सीलिंगबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट ठरवली आहे, आणि आपल्या बहुतेक बिल्डरांनी त्या किमानावरच समाधान मानलं आहे. त्यातले सहा-आठ इंच आपण प्लास्टर ऑफ पॅरिसला देऊन टाकतो. पंख्याला पात्यांच्या वर मोकळी जागा लागते. वरून हवा ओढली गेली तरच ती खाली फेकली जाते. पंखा नव्या छताला चिकटला की वारा कमी होतो, वारा कमी झाला की एसी घ्यावा लागतो, आणि एसीचं बिल दर महिन्याला येतं.

आता बैठक. परवा अशाच एका नव्या हॉलमध्ये बसलो होतो. एलच्या आकाराचा राखाडी सोफा, जमिनीपासून जेमतेम पंधरा इंच उंच, आत भलताच खोल. घरातल्या आजींना उठायचं होतं. त्या आधी कडेपर्यंत सरकल्या. फोम दबला, गुडघे कमरेच्या वर गेले. हाताला आधार हवा होता, पण त्या टोकाला हातच ठेवलेला नव्हता. शेवटी त्यांनी पुढच्या टीपॉयच्या काचेची कड धरली आणि नातवाला हाक मारली. चहा होईपर्यंत पुन्हा बसल्या नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्याच राहिल्या. ज्या सोफ्यावर घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस बसायला धजत नाही, तो कितीही महाग असला तरी वाईट आहे. बैठकीची उंची सतरा-अठरा इंच हवी, दोन्ही बाजूंना घट्ट हात हवेत, आणि पाय जमिनीला टेकून पाठ पाठीला लागेल इतपतच खोली हवी. ज्याच्याकडे दिवाण आहे त्याने तो विकू नये. दिवाणावर बसता येतं, दुपारी लवंडता येतं, आणि खाली चार गाद्या मावतात.

कपाटांचं शहाणपण शिकायला मात्र मासिकं चाळायची गरज नाही, चाळ पुरे. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन पिढ्या वाढल्या. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुन्या खोलीत रोजचं हाताशी, आठवड्याचं खाटेखाली आणि वर्षाचं माळ्यावर, हा हिशेब चोख होता. माझं कळकळीचं म्हणणं आहे की नव्या घरात जाताना तो हिशेब बरोबर न्यावा. आज टीव्ही युनिटला उघडे कप्पे असतात, त्यांत धूळ आणि दोन शोभेच्या वस्तू. आणि रोजची औषधं, चार्जर, शाळेच्या वह्या टीपॉयवर पसरलेल्या.

दोन-तीन गोष्टी सुताराला बजावूनच सांगा. बसायच्या जागेखाली झाकण नको, ड्रॉवर हवा. झाकण उघडायला बसलेल्याला उठवावं लागतं, म्हणून ते कुणी उघडतच नाही. पुस्तकांना एक फूट खोलीचं कपाट पुरतं. दोन फुटांच्या कपाटात पुस्तकांच्या मागे पुस्तकं हरवतात. कपाटाला चार-पाच इंचांचे पाय द्या, म्हणजे खालून केर निघतो आणि फरशीचं पाणी लाकडाला लागत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसात पार्टिकल बोर्ड फुगतो आणि फुगला की संपला. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायच घ्या. ते महाग पडतं. तेवढे पैसे फॉल्स सीलिंगमधून काढा.

सुताराला ॲडव्हान्स देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला हॉलमध्ये बसवा. कुठे बसायला आवडतं, कुठे दिसत नाही, काय हाताला येत नाही, ते त्यांना विचारा. त्यांची उत्तरं कागदावर उतरवा, आणि सुताराच्या हातात पहिला कागद तोच द्या. टीव्हीच्या पॅनेलचं डिझाइन त्याला नंतर दाखवलं तरी चालेल.