पांढऱ्या नंबरप्लेटचा गोतावळा

वाकडच्या पुलाखाली ‘मुंबई, मुंबई, एक सीट’ अशी आरोळी आली की खुशाल समजावं, आपल्याला नवे नातेवाईक मिळणार. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीत बसतो तो प्रवासी. पांढरीवालीत बसतो तो घरचा माणूस. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ६६वं कलम परमिटशिवाय भाड्याने माणसं नेऊ देत नाही. पाहुण्यांना मात्र कुठल्याच कलमाची आडकाठी नाही. त्यामुळे मराठी माणूस कायदा मोडत नाही, कायद्यातून नातं काढतो.

परवा तळेगावचा टोलनाका मागे पडला आणि ड्रायव्हरने नात्यांचं वाटप केलं. ‘काका, तुम्ही माझे मामा. ताई मावसबहीण. हा बॅगवाला मेव्हणा. कोणी विचारलं तर पनवेलला लग्नाला चाललोय.’ मी चुलतभाऊ. भाडं मात्र मामांकडूनही आगाऊ, जीपेवर.

तोवर आम्ही एकमेकांना ताकास तूर लागू दिली नव्हती. ‘काय करता?’ ‘सर्व्हिस.’ ‘कुठे?’ ‘प्रायव्हेट.’ ‘गाव कुठलं?’ ‘तसे पुण्याचेच.’ आडनाव तर सगळ्यांनीच गिळलेलं. ते एकदा कळलं की समोरचा मनातल्या मनात आपली जात, जिल्हा आणि गेल्या निवडणुकीतलं मत एका दमात काढून मोकळा होतो. आणि मग ‘आम्ही असलं काही मानत नाही’ म्हणतो. आधी माहिती, मग पुरोगामित्व. कामशेतच्या बोगद्यात शिरता शिरता मामा फोनवर ‘मी नाशकात आहे’ म्हणत होते. रेंज गेली म्हणून बरं, नाहीतर गोदावरीच्या पुराचं वर्णनही झालं असतं.

खालापूरच्या पुढे हवालदाराने हात केला.

‘कोण सगळे?’

‘पाहुणे, साहेब. हे मामा.’

‘आडनाव काय मामांचं?’

भाचा स्टिअरिंगकडे बघत बसला. मामांनी तोंडातला तोबरा पुढे केला.

‘बरं, लग्न कोणाचं?’

‘माझं,’ मेव्हणा घाबरून बोलून गेला.

‘तुझं? आणि मला आत्ता कळतंय?’ मावसबहीण खरोखरच भडकली. मामांनी काच खाली करून तोबरा थुंकला आणि तोफ डागली, ‘पत्रिका नाही, अक्षत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो! सख्ख्या मामाला ही वागणूक? आणि टॉवेल-टोपीवर बोळवण करणार असाल तर मला इथेच उतरवा!’ मेव्हणा हात जोडून म्हणाला, ‘मामा, हॉलच लहान मिळाला हो.’ चुलतभाऊ या नात्याने मी जेवणाचं विचारून घेतलं.

हवालदाराने जोडीदाराला खूण केली, ‘जाऊ दे रे. मामा रुसलेत, म्हणजे लग्न खरं आहे.’

गाडी सुटली. मामा पनवेलपर्यंत मेव्हण्याशी बोलले नाहीत.