गोड आहे हो, पण…

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या घरी तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी काय रामायण झालं ते? नाही? मग ती भाजीची पिशवी ठेवा खाली आणि या जरा इकडे, कुंपणाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही. मोठ्या काकूंच्या खिडक्या सगळ्या ह्याच बाजूला.

तर त्यांच्या नातीचा पहिलाच पोळा ना. पाच महिन्यांची पोर, टोपरं काय, वाळे काय, नटवून बैठकीत ठेवलेली, आणि शेजारी लाकडाचा बैल. गल्लीतली पोरं आपापले बैल ओढत बोजारा मागायला येत होती आणि जाताना तिचा गाल ओढून जात होती. मलाही राहवलं नाही. "खाऊन टाकू का गं तुला?" म्हणत अशी आवळली की तिची आई दचकलीच! पण त्यात माझा दोष नाही म्हणे. आमची भाची होती ना सोबत, पुण्याला सायकॉलॉजी शिकून राहिली, ती सांगत होती. तिकडे अमेरिकेत, येल विद्यापीठात, लोकांच्या हातात ते फोडफोडीचं प्लास्टिक दिलं, बबल रॅप हो, आणि चित्रं दाखवली. गोंडस पिल्लं दिसली की लोकांनी सगळ्यात जास्त फोड फोडले. माया अनावर झाली की हात शिवशिवतात. आपल्या आज्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या, त्यांना कुणी पदवी दिली नाही…

तर काय सांगत होते? हां, मोठ्या काकू.

काकू सकाळीच मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून आलेल्या, त्यामुळे आवाज बसलेला, पण जीभ शाबूत. चष्मा सरकवला, बाळाला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "गोड आहे हो पोरगी, नाकीडोळी नीटस. पण रंग मात्र आजीवर गेला."

आता आजी कोण? सुनेची आई, भंडाऱ्याहून आलेली, तिथेच, काकूंच्या गुडघ्याला गुडघा लावून चिवड्याची बशी घेऊन बसलेली! बाईंनी चमचा बशीत ठेवला. नुसता ठेवला हो, आपटला नाही. तरी सगळ्यांना ऐकू आला. सुनेचा चेहरा तर टाचणी लागलेल्या फुग्यासारखा. आणि काकू थांबतील तर ना! "नऊ महिने केशराचं दूध पाजलं जी हिला. डबी मीच आणून दिली होती."

"केशरानं दूध पिवळं होते काकू, बाळ नाही," आमची भाची म्हणाली. मी चिमटा काढला, पण ती कसली ऐकते. म्हणे, ऑस्ट्रियाचा कुणी लॉरेन्झ होता, त्यानं १९४३ सालीच लिहून ठेवलंय की बाळ आपल्याला गोड का वाटते. डोकं अंगाच्या मानानं मोठं, कपाळ उंच, डोळे मोठे आणि जरा खाली बसलेले, गाल फुगलेले, हातपाय आखूड. एवढं दिसलं की माणूस विरघळला. मग ते बाळ असो, मांजराचं पिल्लू असो, नाहीतर बाहुली. "ह्या यादीत रंग कुठे आला, सांगा."

काकू गप्प. माझी नजर मात्र बैलाकडे गेली. अहो, तुम्हीही पाहा घरी गेल्यावर! खऱ्या बैलाचं तोंड केवढं लांब, पाय केवढे उंच. आणि आपला तान्हा बैल? मोठं डोकं, आखूड पाय, खाली चाकं, आणि सुताराच्या पोरानं रंगवलेले हे एवढाले डोळे. बडकस चौकातल्या त्या सुतारानं कुठला लॉरेन्झ वाचलाय! मिकी माऊसचंही असंच म्हणे. १९२८ साली चांगला उंदरासारखा होता, मग वर्षागणिक डोकं आणि डोळे मोठे होत गेले, बाळसं धरलं मेल्यानं.

पण ह्यात फसगतही होते हं. आपली ज्योती आमगे घ्या. १६ डिसेंबर २०११, तिचा अठरावा वाढदिवस, इथेच नागपुरात गिनीजवाल्यांनी मोजलं, ६२.८ सेंटीमीटर. म्हणजे उंचीला ह्या पाच महिन्यांच्या पोरीएवढीच की! डोळे म्हणतात बाळ, आणि समोर तिशी ओलांडलेली बाई, लिपस्टिक लावून. २०२४ च्या नोव्हेंबरात, लंडनला त्या तुर्कस्तानच्या सात फुटी रुमेसाबरोबर चहा प्यायली. जगातली सगळ्यात उंच बाई आणि सगळ्यात बुटकी बाई, बोलल्या कशावर? मेकअप आणि नखं! मला इतकं बरं वाटलं सांगू.

तर काकूंना सुचलं. "बाळाचं राहू दे. पण काळं ते वाईट, हे तर आपल्या मारबतीतच आहे ना? काळी म्हणजे फितूर राणी बांकाबाई, पिवळी म्हणजे देवी." खरंच आहे हो ते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि पिवळीपुढे बायका पोरं घेऊन रांगेत उभ्या राहतात. मला वाटलं, आता भाची अडकली. कसली! "पण काकू, शेवटी जाळतात तर दोघींनाही ना?"

काकूंना ठसका लागला. मग विषय गोरं करणाऱ्या क्रीमवर. भाची म्हणे, त्या ट्यूबचं नावसुद्धा २०२० साली बदललं, फेअर गेलं, ग्लो आलं. काकू म्हणाल्या, "मी जुन्याच नावानं मागते, दुकानदार देतो." खरं सांगू? मीही तसंच मागते. कुणाला बोलू नका.

आणि ह्या सगळ्यात भंडाऱ्याच्या बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. शांतपणे उठल्या, देव्हाऱ्यातून काजळाची डबी आणली, नातीच्या गालावर ही एवढी तीट लावली. मग काकूंकडे वळल्या. अगदी मायेनं हनुवटी धरली त्यांची. "तुम्ही तर जी केवढ्या गोऱ्या, तुम्हालाच आधी नजर लागायची." आणि टेकवलं बोट गालावर!

काकू खूश! लाजल्यासुद्धा. पदर सावरत तशाच गल्लीभर फिरल्या, सात घरचं हळदीकुंकू घेतलं, पोरांना बोजारा वाटला. पोरं तोंडं दाबून पळत होती. एकीनंही सांगितलं नाही हो, मीसुद्धा नाही. रात्री कवळी काढायला आरशापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा म्हणे…