आकाशगंगेचा कारभार : नवनियुक्त सम्राटांसाठी धोरणविषयक मार्गदर्शिका

साम्राज्याचा कारभार १ जानेवारी २२०० रोजी सुरू होतो. त्या दिवशी नवनियुक्त सम्राटाच्या ताब्यात साधारणपणे एक ग्रह, तीन किरकोळ युद्धनौका, एक शोधनौका, एक बांधकामनौका आणि काळ थांबवणारा स्पेसबार एवढी मालमत्ता असते. पैकी शेवटची वस्तू सर्वांत मोलाची. महिना सरसकट तीस दिवसांचा असल्यामुळे एकतीस तारखेचा वायदा करून कुणाची बोळवण करता येणार नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

सदर मार्गदर्शिका ‘स्टेलारिस’ या खेळातील धोरणांच्या पानापुरती मर्यादित आहे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने हा खेळ ९ मे २०१६ रोजी बाजारात आणला. तेव्हापासून त्यात ग्रह फोडणारी यंत्रे आली, ताऱ्यांवर दुकाने थाटणाऱ्या कंपन्या आल्या, हेर आले. धोरणांचे पान मात्र तसेच साधे राहिले. एका विषयाला दोन-चार पर्याय, त्यांतल्या एकावर क्लिक, आणि मग बहुतेक धोरणांना दहा वर्षे कुलूप. या पानावर नवे पर्याय हवेत अशी मागणी जुने सम्राट सतत करत असतात. ती रास्त आहे. पण आधी आहेत ते पर्याय कसे निवडावेत हे पाहू.

तत्त्वे धोरणांच्या आधी ठरतात. साम्राज्य घडवताना तीन गुण मिळतात. सौम्य तत्त्वाला एक गुण लागतो, कडव्याला दोन. खेळातच तयार मिळणारी ‘पृथ्वीची संयुक्त राष्ट्रे’ कडवी समतावादी आणि परग्रहवासीयांची स्नेही आहेत. (कडवा समतावादी कसा बोलतो हे चर्चासत्रांना जाणाऱ्या वाचकाला सांगायला नको.) तत्त्वे निवडताना अंतःकरणाचा कौल घेऊ नये, शेजारी लिहिलेले फायदे वाचावेत. भौतिकवाद्याचे संशोधन वेगाने होते, लष्करवाद्याच्या तोफा भराभर झडतात, शांततावाद्याचे राज्य स्थिर राहते. फायदा ठरला की साम्राज्याच्या चरित्रासाठी दिलेल्या रकान्यात त्याला साजेसा हजार वर्षांचा इतिहास लिहावा. इतिहास नेहमी असाच, मागून लिहायचा असतो.

एकदा तत्त्व घेतले की काही धोरणे आपोआप बंद होतात. समतावाद्याला गुलामगिरी सुरू करता येत नाही. कडव्या शांततावाद्याला स्वतःहून लढाई काढता येत नाही. यावर नाराज होऊ नये, कारण साध्या शांततावाद्यासाठी युद्धधोरणात एक सोयीचा पर्याय ठेवलेला आहे, तो म्हणजे मुक्तियुद्ध. यात शेजाऱ्याची इंचभरही जमीन घ्यायची नसते. फक्त त्याच्या ग्रहांवर आरमार न्यायचे, फौजा उतरवायच्या आणि निघताना तिथल्या लोकांचे विचार आपल्यासारखे झालेले पाहायचे. जिंकलेल्या भागातून नवे राज्य जन्माला येते आणि त्याची तत्त्वे हुबेहूब आपली असतात. ज्याने कुणी हा पर्याय रचला त्याने विसाव्या शतकाचा इतिहास लक्षपूर्वक वाचला असणार.

कक्षेतून ग्रहावर भडिमार करायचा झाल्यास निवडक, सरसकट आणि सर्वनाशी असे प्रकार आहेत. निवडक भडिमारात नागरिक कमी मरतात आणि वेळ जास्त जातो. सरसकट भडिमारात याच्या उलट. म्हणून सुसंस्कृत सम्राट निवडक प्रकारापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या वेढ्यापर्यंत त्याला घाई होते. सर्वनाशी प्रकार सगळ्यांना मिळत नाही. शेजारी असणे हीच ज्यांची तक्रार आहे अशा राजवटींसाठी तो राखून ठेवला आहे.

निर्वासितांबाबत तीन पर्याय आहेत: सर्वांचे स्वागत, फक्त आपल्या नागरिक-प्रजातींपुरते दार, आणि दार बंद. पहिला पर्याय घेतला की शेजारच्या जुलमी राज्यातून हाकललेली माणसे येतात. माणसे म्हणजे अर्थात गोगलगायी, बुरश्या, पिसेवाले. इतर खेळाडू यामागे करुणा पाहतात. अनुभवी सम्राट रिकाम्या नोकऱ्या मोजतो.

यंत्रमानवांचे प्रकरण जरा निगुतीने हाताळावे. विचार करू शकणाऱ्या यंत्रांवर बंदी घालता येते, त्यांना सेवक म्हणून ठेवता येते, किंवा नागरिकत्व देता येते. सेवक ठेवणे सर्वांत किफायतशीर, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो. मग कधीतरी एखादे यंत्र विचित्र वागल्याची सूचना पडद्यावर येते. सम्राट घाईत असतो, ‘ठीक आहे’ दाबतो. आणखी काही वर्षांनी दुसरी सूचना. यंत्रांचे बंड खेळात आणणाऱ्या २०१७ च्या अपडेटला कारेल चापेक या चेक लेखकाचे नाव दिले आहे. असले बंड त्याने १९२० साली नाटकात लिहून ठेवले होते. म्हणजे सूचना जवळजवळ तीनशे वर्षे आधी मिळालेली होती. ‘ठीक आहे’ दाबण्यापूर्वी निदान मजकूर वाचावा.

एवढे जमले की सम्राटाला एक शंका येऊ लागते आणि ती योग्य आहे. या खेळात प्रकाशाहून वेगाने धावणारी जहाजे आहेत, ताऱ्याभोवती बांधलेले गोल आहेत, दुसऱ्या मितीतून येणारे शत्रू आहेत. हे सगळे मानायला मन तयार होते. मान्य होत नाही ती एकच गोष्ट: सम्राटाने राजधानीत क्लिक केले आणि त्याच दिवशी चाळीस ग्रहांवरच्या प्रत्येक कचेरीत तो हुकूम लागू झाला. परिपत्रक नाही, स्पष्टीकरण मागवणारे उलट पत्र नाही, ‘वरून लेखी आले नाही’ म्हणणारा कारकून नाही. विज्ञानकथा म्हणून हे फार झाले. नव्या पर्यायांची खरी गरज इथे आहे, आणि पुढील प्रस्ताव त्याच दृष्टीने मांडले आहेत.

प्रस्ताव पहिला : अंमलबजावणीचे अंतर

हुकूम राजधानीत त्याच दिवशी लागू व्हावा. बाकीच्या ग्रहांवर तो किती उड्यांचे अंतर आहे त्या हिशेबाने पोहोचावा: पाच उड्यांवर वर्षभराने, वीस उड्यांवर पाचेक वर्षांनी. मधल्या काळात सीमेवरचा ग्रह जुन्याच धोरणाने चालावा. खेळात नेत्यांना गुणदोष असतात आणि भ्रष्टाचार हाही एक दोष आहेच. भ्रष्ट सुभेदाराच्या विभागात हुकूम पोहोचल्याची नोंद व्हावी, हुकूम मात्र पोहोचू नये. यामुळे दहा वर्षांच्या कुलपालाही अर्थ येईल, कारण शेवटच्या ग्रहावर जुने धोरण बंद होईपर्यंत राजधानीत पुढचे धोरण निघालेले असेल.

प्रस्ताव दुसरा : तत्त्वतः मान्यता

प्रत्येक विषयाला होकार आणि नकार यांच्या मध्ये हा पर्याय असावा. यंत्रांना नागरिकत्व तत्त्वतः मान्य. निर्वासितांचे स्वागत तत्त्वतः मान्य. परिणाम असा की त्या धोरणाच्या बाजूचे गट खूश होतात, विरोधी गट गप्प बसतात आणि प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. या खेळात राजकीय गट समाधानी असले की साम्राज्याला एकात्मतेचे गुण मिळतात, म्हणजे हा पर्याय नुसता सोयीचा नाही, फायद्याचाही आहे. मुदत मात्र ठेवावी. पंधराएक वर्षांनी दोन्ही गटांना एकाच महिन्यात शहाणपण यावे.

प्रस्ताव तिसरा : समिती

हा पर्याय सर्वांना हवासा वाटेल, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. खेळ रचणाऱ्यांचा एक साधा नियम असतो: ज्याचा फायदा नेहमीच होतो तो पर्याय नसतो, तो फुकटचा बोनस असतो, खेळाडू तो डोळे मिटून घेतो आणि पुन्हा त्याचा विचार करत नाही. दहा वर्षांचे कुलूप याच कारणासाठी आहे. ते नसते तर प्रत्येक सम्राटाने युद्धाच्या आदल्या दिवशी लष्करी अर्थव्यवस्था निवडून मिश्रधातूंचे कारखाने तापवले असते आणि तहाच्या दुसऱ्या दिवशी नागरी अर्थव्यवस्थेकडे वळून लोकांना चैनीच्या वस्तू वाटल्या असत्या.

म्हणून समितीला किंमत लावावी लागेल आणि ती झोंबणारी हवी. पैसा लावून उपयोग नाही, मध्यंतरापर्यंत सम्राटाकडे ऊर्जेचे ढीग असतात. पण २०२३ च्या एका अपडेटने साम्राज्यात किती नेते पोसता येतील यावर मर्यादा घातली आणि तेव्हापासून नेता ही दुर्मीळ वस्तू झाली आहे. तेव्हा प्रत्येक समितीला एक नेता द्यावा लागावा. नुसता नेता नाही, शास्त्रज्ञ. तोही अनुभवी, ज्याच्याविना शोधनौका गोदीत पडून राहील. दहा वर्षे त्याने बैठका घ्याव्यात. त्या काळात संबंधित विषयावर कुणीही सम्राटाला प्रश्न विचारू नये. अहवाल आल्यावर पडद्यावर दोन बटणे यावीत: ‘स्वीकारला’ आणि ‘अभ्यासासाठी दुसऱ्या समितीकडे’. शास्त्रज्ञ मध्येच म्हातारपणाने वारला तर समिती आपोआप चालू राहावी.

प्रस्ताव चौथा : नामांतर

ग्रहाचे नाव सध्या फुकट बदलता येते. नावावर क्लिक करावे, नवे टंकावे, झाले. हे अत्यंत धोकादायक आहे. नामांतराला स्वतंत्र धोरण, किमान दोन परस्परविरोधी गट आणि प्रभावाचे भरपूर गुण खर्ची पडले पाहिजेत. नवे नाव लागू झाल्यावर निम्म्या प्रजेने जुनेच नाव वापरत राहावे आणि नकाशावर दोन्ही दिसावीत. यातून उत्पादन वाढणार नाही, संशोधन वाढणार नाही, पण दहा वर्षे इतर कुठलाही विषय निघणार नाही.

प्रस्ताव लिहिताना एक तांत्रिक बाब विसरू नये. आकाशगंगेतली बाकीची साम्राज्ये संगणक चालवतो आणि नवा पर्याय त्यालाही वापरता आला पाहिजे. कुठल्या परिस्थितीत काय निवडायचे याचे वजन आकड्यांत मांडून द्यावे लागते. मुक्तियुद्ध, भडिमार, निर्वासित यांचे आकडे मांडता येतात. तत्त्वतः मान्यतेचेही मांडता येतील. नामांतराचे वजन मात्र कुणाला ठरवता येईल असे वाटत नाही; संगणकाच्या साम्राज्यांनी त्या वाटेला न जाणेच बरे.

खेळाने हे वास्तव अजिबात ओळखलेले नाही असेही नाही. मार्च २०२० मध्ये आलेल्या विस्ताराने आकाशगंगेला एक महासभा दिली. तिथे ठराव मांडता येतात, ते रांगेत उभे राहतात, त्यांवर मतदान होते. प्रत्येक साम्राज्याच्या मताला त्याच्या राजनैतिक वजनाइतकी किंमत असते, आणि उपकारांची परतफेड म्हणून दुसऱ्याचे मतही आपल्या बाजूला ओढता येते. एका ठरावात वर्षे जातात. तोवर आकाशगंगेच्या कडेला भुकेल्या कीटकांची धाड उतरलेली असते आणि सभेत चर्चा चालू असते व्यापारावर. सभेचे हे काम ज्यांनी लिहिले त्यांनी धोरणांच्या पानाकडेही एकदा वळावे, एवढीच विनंती.

शेवटी, सम्राटाहून मोठी सत्ता एकच आहे आणि ती स्टॉकहोमला आहे. डिसेंबर २०१८ च्या अपडेटने ग्रहांवरच्या चौकटी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी जिल्हे आणि नोकऱ्या आणल्या. कालपर्यंत शेतावर राबणारी प्रजा एका रात्रीत बेरोजगार झाली. २०२५ च्या अपडेटने व्यापार आणि लोकसंख्या यांचे हिशेब पुन्हा नव्याने मांडले. जुन्या पद्धतीला सरावलेल्या सम्राटांसाठी स्टीमवर जुनी आवृत्ती निवडून तिथेच राहण्याची सोय आहे, आणि असे सम्राट आपली परिस्थिती किती उत्तम आहे हे मिळेल त्याला ऐकवत असतात. त्यांना वरीलपैकी कुठलाही नवा पर्याय, मंजूर झाला तरी, मिळणार नाही. इतरांनी चालू डाव संपवूनच अपडेट घ्यावे. जुनी सेव्ह फाइल नव्या आवृत्तीत नीट चालेल याची हमी कुणी देत नाही, आणि त्याबद्दलच्या तक्रारी महासभेत मांडता येत नाहीत.