धबधबा बंद आहे: कल्याणच्या नवशिक्यांसाठी

जुलै लागला की कल्याणच्या माणसाला पाणी बघायला बाहेर जायची हुक्की येते. घरात भिंतीला ओल आलेली असते, जिन्यात तळं साचलेलं असतं, स्टेशनबाहेर घोटाभर पाण्यातून रिक्षा शोधावी लागते. पण ते बघायचं पाणी नव्हे. बघायचं पाणी डोंगरावरून पडावं लागतं आणि त्याला तिकीट असावं लागतं.

त्यात एखादा आतेभाऊ नेमका क्रोएशियाला जाऊन आलेला असतो. तिथे प्लिटवित्से नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. 16 तळी, एकातून दुसऱ्यात उतरणारे धबधबे, पाण्यावरून नेलेल्या लाकडी पायवाटा, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत नाव. घरच्या ग्रुपवर फोटोंचा रतीब सुरू होतो आणि दर फोटोखाली मावशी हात जोडते. नवशिक्याने खचू नये. तळी आणि धबधबे असलेलं राष्ट्रीय उद्यान आपल्यालाही आहे आणि ते ठाण्याच्या डोक्यावर बसलेलं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे जुन्या लोकांचं बोरिवलीचं नॅशनल पार्क. सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल, आत तुळशी आणि विहार असे दोन तलाव, पावसाळ्यात मोजायचा कंटाळा येईल इतके ओढे. त्यांच्याकडे अस्वलं आहेत, आपल्याकडे बिबटे. फिटंफाट.

निघावं कसं

नकाशात उद्यान ठाणे आणि बोरिवली यांच्या मधोमध दिसतं. नकाशाला भुलू नका. कल्याणकराचा नकाशा म्हणजे स्टेशनातला इंडिकेटर, आणि इंडिकेटरवर बोरिवली नसते. म्हणून आधी सुमारे 45 किलोमीटर खाली दादरला जायचं, पूल चढायचा, गर्दीने ज्या जिन्यात ढकललं तो आपलाच जिना असं समजून उतरायचं आणि सुमारे 24 किलोमीटर पुन्हा वर बोरिवलीला यायचं. वाटेत ठाणं लागतं. खिडकीतून पलीकडे हिरवा डोंगर दिसतो. तेच उद्यान. त्याला नमस्कार करून पुढे जावं, दोनेक तासांनी त्याच डोंगराच्या पाठीमागे आपण उतरणार असतो.

दुसरा मार्ग ठाण्याला उतरून घोडबंदर रोडने बसचा. घोडबंदर रोडवर बस चालते असं ऐकून आहे. मी तिला बहुतेक वेळा उभीच पाहिली. तिसरा मार्ग अजून व्हायचा आहे: ठाणे ते बोरिवली जुळा बोगदा, 11.8 किलोमीटरचा, भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं. तो उद्यानाच्या पोटातूनच जाणार आहे. म्हणजे उद्यानाचं एक पानही न बघता उद्यान ओलांडायची सोय होईल.

ही दिशाभूल आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत पेरिप्लस नावाचं एक पुस्तक लिहिलं गेलं, तांबड्या समुद्राकडून इकडे येणाऱ्या नाखव्यांसाठीचं. आपल्या या लेखासारखंच, फक्त उपयोगी. त्यात कल्याणचं नाव आहे. नावापुढे सूचनाही आहे की, तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कल्याणला उतरायचं आणि भलतीकडे पोचायचं, याला दोन हजार वर्षांची परंपरा आहे.

वार निवडताना रविवार आधी खोडून टाका. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि नसला तर सगळं मुंबई उपनगर उद्यानात असतं. शनिवारही त्याच वळणाचा. साधा कामाचा दिवस बघावा, ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवावं. पोटाची तक्रार कोणी तपशिलात विचारत नाही.

डबा

डब्यात कोरडं न्यावं आणि आवाज न करणारं न्यावं. आवाजाचं सांगतो. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर माझ्या मेहुण्याने पिशवीतल्या पिशवीत, कोणाला दिसणार नाही अशा बेताने वेफर्सचं पाकीट दाबलं. एवढंसं 'चर्र' झालं. वरच्या कड्यावरून तीन माकडं उतरली आणि त्यातलं सर्वांत लहान जे होतं त्याने पाकीट असं घेतलं, जसा टीसी पास बघायला घेतो. मेहुण्याने दिलंही तसंच. आमच्या घरी अजून कोणी वेफर्स फोडले की त्याच्याकडे बघतात.

धबधबा

मुख्य विषयाकडे येऊ. नवशिक्याची समजूत अशी असते की धबधबा म्हणजे नैसर्गिक शॉवर: कपडे भिजवावेत, दगडावर उभं राहून दोन्ही हात पसरावेत, कोणीतरी फोटो काढावा. या समजुतीसह तो ओढ्याकडे निघतो आणि वाटेत त्याला रेनकोट घातलेला वनरक्षक भेटतो. पुढचा संवाद पाठ करून ठेवावा, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही.

"साहेब, पुढे जायचं नाही. धबधबा बंद आहे."

"बंद म्हणजे? पाणी तर पडतंय."

"पाणी चालू आहे. धबधबा बंद आहे."

यावर वाद घालू नये. मी घातला होता. आवाज चढवून उद्यानाच्या ठाण्याकडच्या येऊरचे माझे कोण ओळखीचे आहेत तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हाताने ओढ्यातला एक खडक दाखवला. "आपण बोलायला लागलो तेव्हा हा दिसत होता ना? आता बघा." खडक नव्हता. आमच्या डोक्यावर तर पाऊसही थांबलेला होता.

असं होतं याचं कारण साधं आहे. इथले डोंगर कातळाचे आणि उताराचे, ओढे आखूड. जमीन एकदा भिजून तृप्त झाली की वर पडलेली सर मुरत नाही, सरळ खाली धावते, आणि वर पाऊस पडतोय हे खाली उभ्या असलेल्याला पाणी आल्यावरच कळतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण असेच गेले. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे असलेले सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. ठाणे जिल्ह्यातही दर पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई हुकूम निघतात. ते वाचून आपण 'सरकारला आपलं सुख बघवत नाही' असं म्हणतो आणि जिथे हुकूम नाही असा धबधबा शोधायला लागतो.

आतेभावाला फोन करून विचारावं. प्लिटवित्सेतही पाण्यात उतरायला बंदी आहे. तिकडे तो निमूटपणे लाकडी पुलावरून चालला, कारण तिकडे तो शिस्तीचा माणूस होता.

तलाव

आता तलाव. तुळशी आणि विहार बघायचे असतील तर पहिली पायरी म्हणजे ते बघता येत नाहीत हे मान्य करणं. दोन्ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे, परवानगीशिवाय काठावर जाता येत नाही. शिवाय पाण्यात मगरी आहेत, म्हणजे परवानगीचा अर्ज करताना विचारही करता येतो. उद्यानाच्या निसर्गवाटांपैकी एखादीवर मार्गदर्शकाबरोबर गेलात तर उंचावरून मात्र पाणी चमकताना दिसतं.

विहार 1860 चा. मुंबईला नळाने पाणी मिळालं ते आधी त्याचं. तुळशी 1879 चा आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सर्वांत लहान. तुळशी भरला की विहारमध्ये सांडतो, विहार भरला की पाणी मिठी नदीला लागतं. म्हणजे प्लिटवित्सेसारखी एकातून दुसऱ्यात उतरायची सोय आपल्याकडेही आहे, फक्त शेवट कुर्ल्याच्या नाल्यांमधून जातो. दर जुलैत पेपरात 'तुळशी तलाव भरून वाहू लागला' अशी बातमी येते आणि कल्याणमध्येही ती वाचून चहाबरोबर समाधान मानलं जातं. का, ते विचारू नका. त्यातला थेंबही आपल्याला येत नाही, आपण उल्हास नदीचं पितो. उलट आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातलं भातसा आणि तानसाचं पाणी मोठमोठ्या पाइपांतून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतो.

कान्हेरी

धबधबा बंद, तलाव बंद. मग जावं कुठे? मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीला. शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं खोदत आणि वापरत राहिलेली. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर, त्याचं कान्हेरी झालं. पावसाळी मुक्कामाला इथे आलेले पहिले लोक म्हणजे बौद्ध भिक्षू. वर्षावासाचे तीन महिने भटकंती बंद, एका जागी राहायचं. त्यांनीही पाणी खूप बघितलं असणार, पण कातळातल्या ओट्यावर बसून.

चैत्यगृह बघून सगळे परत फिरतात. तुम्ही पायऱ्या चढून वर जा, भर पावसात. कोणत्याही लहान लेण्याच्या अंगणात उभं राहिलं की बाजूला जमिनीत एक चौकोनी तोंड दिसेल, घरातल्या टाकीच्या झाकणाएवढं. आत डोकवा. काळं, गार पाणी असतं. मग वर कातळाकडे बघा. बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत, तिरक्या. उतारावरून येणारं पाणी लेण्याच्या दारावर न सांडता त्या पन्हळीत शिरतं, वळतं आणि त्या तोंडाशी येऊन आत पडतं. बारीक आवाज येतो. जवळजवळ प्रत्येक लेण्याला असं स्वतःचं टाकं आहे. आमच्या सोसायटीत पावसाचं पाणी साठवण्याचा ठराव सलग तीन सर्वसाधारण सभांत 'तांत्रिक कारणाने' पुढे ढकलला गेला आहे.

या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत पोढी म्हटलंय. पोढी खोदायला पैसे कोणी दिले तेही कातळावर लिहून ठेवलंय, आणि देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत. एक तर सोनार होता. सातवाहनांच्या काळात, ना दादर ना मेगाब्लॉक, कल्याणचा एक सोनार खाडी आणि जंगल ओलांडून या डोंगराशी नातं जोडतो आणि पावसाचं पाणी धरून ठेवायला पैसे देतो. मी गेलो तेव्हा एका पोढीत पाण्यावर रिकामी बाटली तरंगत होती. ब्रँड ओळखीचा होता, आमच्या गल्लीतल्या दुकानात मिळतो.

बाटली हात लांब करूनही निघाली नाही. मेहुण्याने छत्रीच्या मुठीने ओढून काढली आणि वेफर्सचा हिशेब तिथे मिटला असं जाहीर केलं.

परतीला बोरिवलीहून दादर, दादरहून कल्याण फास्ट. ठाण्यानंतर बसायला मिळायची शक्यता असते. आणि हो, रजा टाकताना वार नीट बघा. मी लोकांची गर्दी नको म्हणून पहिल्या खेपेला मुद्दाम सोमवार धरला होता. सोमवारी उद्यान बंद असतं.