कानामागून आली

नागपुरात ज्या कुणाला आपला बहिरेपणा लपवायचा असेल, त्यानं कळमन्याच्या मार्केट यार्डात नोकरी धरावी. मी धरली होती. अर्थात त्या हेतूनं नव्हे. मिरचीच्या अडतीत दिवाणजी म्हणून लागलो तेव्हा माझे कान शाबूत होते. पुढे ते हळूहळू गेले, पण यार्डात कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. इथे ट्रक मागे घेताना क्लीनर फळीवर थापा मारतो, हमाल पाठीवर कट्टे घेऊन ‘बाजू, बाजू’ करत अंगावर येतात, एका गाळ्यासमोरचा हर्रास संपत नाही तोवर शेजारचा सुरू होतो, आणि मधूनच कळमना स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा येतो. अशा ठिकाणी जो तो समोर उभा राहून, तोंडाकडे बघत बोलतो आणि महत्त्वाचा आकडा बोटांनी दाखवतो. ऐकू न येणाऱ्याशी कसं बोलावं याच्या ज्या सूचना दवाखान्यात भिंतीवर लावलेल्या असतात, त्यातली ‘ओरडू नका’ ही एक सोडली तर बाकी सगळ्या यार्डात आपोआप पाळल्या जातात. बैलबाजारात तर पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे. तिथे कानांचं काही कामच नव्हतं.

घरी मात्र शांतता असते, आणि बहिऱ्या माणसाला सगळ्यात मोठा धोका शांततेचा. आमच्या घरची स्वयंपाकखोलीतून, पाठमोरी, फोडणी देता देता बोलते. ‘अहो, आयकून रायले का?’ एवढं वाक्य मला नेहमी नीट ऐकू यायचं. त्याच्या पुढचं यायचं नाही. मग मी दारात जाऊन तिच्या तोंडाकडे पाहायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, यार्डात आयुष्यभर तेच केलं होतं. पण ओठ वाचण्यात एक खोट असते. म, प आणि ब ही तिन्ही अक्षरं ओठांवर अगदी एकच दिसतात. तिनं मीठ मागावं आणि मी चक्कीवरून पीठ आणावं, हे आमच्याकडे इतकं नित्याचं झालं की शेवटी ती चिठ्ठी लिहून द्यायला लागली.

त्यात २०२० साल आलं आणि लोकांच्या तोंडावर मुसकी चढली. ओठच झाकले गेले. यार्ड मधूनमधून बंद असायचं. सुरू असेल तेव्हा मी काउंटरवर बसून समोरच्या व्यापाऱ्याचे नुसते डोळे पाहायचो. डोळ्यांत मिरचीचा भाव लिहिलेला नसतो. तेव्हा कुठे आम्हा उभयतांना कळलं की मी कानांनी ऐकत नव्हतो, इतकी वर्षं डोळ्यांनीच ऐकत होतो. त्या काळात असे बरेच लोक उघडे पडले म्हणतात.

मेयो हॉस्पिटलात कान तपासायला गेलो. एका बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात आणि ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणतात. २५० हर्ट्झच्या जाड्या आवाजापासून ८००० च्या बारीक आवाजापर्यंत तपासणी होते. माझा आलेख डावीकडे ठीक होता. उजवीकडे, म्हणजे बारीक आवाजांकडे, घसरत घसरत पार खाली गेला होता. वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्याचे जरा लवकर. तपासणाऱ्या ताईंनी समजावून सांगितलं की अ, आ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, ते तुमच्यापर्यंत येतात. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक आणि दुबळी, ती वाटेतच राहतात. म्हणून आवाज येतो पण शब्द येत नाही. मिरचीच्या माणसाला हे लगेच पटलं. स गळला की ‘साठ’चा ‘आठ’ होतो. इतकी वर्षं हर्रासात मी साठ आणि आठ यातला फरक बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखत होतो, आणि तो बहुधा बरोबरच ओळखला असावा. नाहीतर शेठनं मला ठेवलंच नसतं.

माझी घट पंचावन्न डेसिबलच्या आसपास भरली. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात ‘ऐकू कमी येणारा’ व्हायला दोन्ही कानांत निदान ६० लागतात. म्हणजे सरकारदरबारी मी ऐकू येणारा आणि घरी ठार बहिरा.

मशिनी दोन घेतल्या. उजव्या कानाच्या मशीनवर लाल खूण, डाव्याच्या निळी. मापासाठी कानात आधी कापसाचा बोळा आणि मग एक मऊ लगदा भरतात. तो काही मिनिटांत घट्ट झाला की ओढून काढतात. आपल्या कानाची आतली वळणं आपण जन्मात पाहत नाही, मला ती तळहातावर पाहायला मिळाली. फार काही सुंदर नव्हती. त्या मापावरून कानात बसणारा साचा बनतो. खरी मशीन कानामागे असते, तिच्या वरच्या कडेला आवाज घेणारी बारीक भोकं असतात, आणि तिथून एक पारदर्शक नळी साच्यापर्यंत येते. मशीनवर जीएसटी नाही, हे बिलावर पाहून माझ्यातल्या दिवाणजीला बरं वाटलं. सेलवर मात्र आहे. पहिले काही दिवस स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायचा. कान साच्यानं बुजला की असं होतं. म्हणून मी हळू बोलायला लागलो, आणि शेजारपाजारच्यांना वाटलं की म्हाताऱ्याची तब्येत बिघडली.

मग मशिनी लावून यार्डात गेलो, आणि जिथे माझं कधी अडलं नव्हतं तिथेच पहिल्यांदा अडलं. सगळं एकदम आत शिरलं. बारदान्याची सरसर, कुणाची शिंक, वजनकाट्यावरची फावड्याची खरड, आणि मिरचीच्या गाळ्यात शिंक काही एकट्यानं येत नाही. या सगळ्यात ज्याचं बोलणं ऐकायचं तो समोर उभा, आणि त्याचंच तेवढं ऐकू येईना. १९९६ पासून डिजिटल मशिनी बाजारात आहेत. त्या लहान आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवतात, समोरच्या बाजूचं जरा निवडून घेतात. तरीपण कोणता आवाज आपल्या कामाचा हे ठरवणं डोक्याचंच काम, आणि माझ्या डोक्यानं ते काम कधीच सोडून दिलं होतं. मी सरळ मशिनी काढून ठेवल्या आणि जुन्या पद्धतीनं, ओठ आणि बोटं पाहून, हर्रास निभावला. अजूनही तसंच करतो. लोक यार्डात जाताना मशीन लावतात की काढतात मला ठाऊक नाही, मी काढतो.

पण काढ-घाल करायची तर हात धुतलेले पाहिजेत. मिरचीत हात घालून तिचा रंग, देठ आणि ओल बघायची, आणि तोच हात साच्याला लावून साचा कानात बसवायचा, हे एका सकाळी झालं. मिनिटभर काही नाही. मग कान आतून पेटला. मी नळाकडे धावलो आणि पाण्यानं आग कानाच्या पाळीपर्यंत पसरली. एक हमाल हसत हसत म्हणाला, ‘भाऊ, पान्यानं कायले जाईन ते? तेल लावा.’ त्याचं बरोबर होतं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेलानं आग थांबली. पण तेलकट कानात साचा सुटा बसायला लागला, आणि साचा सुटा बसला की आतला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मशीनच्या भोकात शिरतो आणि शिट्टी वाजते. दोन दिवस मी शिट्टी वाजवत फिरलो. आता साचा नळीसकट मशीनपासून सोडवतो, कोमट साबणाच्या पाण्यात धुतो, नळीत अडकलेलं पाणी रबरी फुग्यानं फुंकून काढतो आणि रात्रभर वाळू देतो. मशीनला पाणी लावायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही; ती नुसती कोरड्या फडक्यानं पुसायची. नळी काही महिन्यांनी पिवळी आणि कडक होते, मग ती बदलून घ्यायची.

या मशिनींनी मला जे परत दिलं त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. वाळलेली मिरची मुठीत धरून कानाजवळ हलवली की आतलं बी खुळखुळतं. ओली असेल तर मुकी राहते. जुने अडते डोळे मिटून एवढ्यावर माल पारखतात. गेली काही वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की हल्लीची मिरची बोलत नाही, शेतकरी घाई करतात, कोल्ड स्टोरेजनं मालाची वाट लावली. त्यावर पोरांना भाषणंही दिली होती. दुपारी यार्ड सामसूम असताना मशीन लावून मी भिवापुरी मिरची उचलली आणि सवयीनं हलवली. खुळ्ळ. दुसरी उचलली. ती पण बोलली. मग मी मागचे-पुढचे कट्टे उघडून एकेक मिरची हलवत सुटलो, आणि गल्ल्यावरचा पोरगा माझ्याकडे काळजीनं पाहत होता. कोल्ड स्टोरेजवरचं माझं भाषण त्यानंतर बंद झालं. कारण मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

नागपूरचा उन्हाळा आणि ही मशीन यांचं पटत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की आम्ही डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळून निघतो, आणि दुपट्ट्याच्या आत मशीन कापड घासल्याचा आवाज ऐकवते आणि वरून शिट्टीही देते. घामाचं खारं पाणी सेलच्या कप्प्यात उतरतं. घरी यावं तर कूलर. ज्याला कुणाला घरात बोलणं नको असेल त्यानं कूलर लावावा. अर्ध्या विदर्भातले संसार उन्हाळ्यात त्याच्याच जोरावर टिकले असतील. मशीन त्या घरघरीला कमी करते म्हणतात. करत असेल. पण आमच्या घरची कूलरच्या पलीकडून बोलते तेव्हा अजूनही दोघांत एक चिठ्ठी लागतेच.

सेल हवेवर चालतो. जस्ताचा असतो आणि हवेतला प्राणवायू घेऊन वीज बनवतो, म्हणून त्याच्या पाठीवर भोकांना झाकणारं स्टिकर असतं. आकारावरून स्टिकरचा रंग ठरलेला: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, ६७५ ला निळा, आणि माझ्या १३ नंबरला नारंगी. नागपूरच्या माणसाला दुसरा कोणता मिळणार? स्टिकर काढलं की मिनिटभर तसाच ठेवायचा, हवा खाऊ द्यायची, आणि मग कप्प्यात घालायचा. घाई केली तर पुरता जोर येत नाही. आणि एकदा स्टिकर निघालं की परत चिकटवून उपयोग नाही. झाडावरून तोडलेल्या संत्र्यासारखा त्याचा काळ सुरू होतो, वापरा नाहीतर ठेवा. आमच्या कोरड्या मे महिन्यात तो आतून सुकतो आणि आणखी लवकर संपतो. संपलेला सेल टेबलावर ठेवू नये. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. चकचकीत गोळी तोंडात जायला किती वेळ लागतो?

रात्री झोपताना कप्प्याचं दार उघडं ठेवायचं आणि मशिनी झाकणाच्या डबीत टाकायच्या. डबीत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात. नव्या बुटांत, औषधांच्या डब्यांत निघणाऱ्या तसल्या पुड्या नातू माझ्यासाठी जमा करतो आणि ‘आबा, तुमच्यासाठी खाऊ’ म्हणून आणून देतो. त्या खाऊ नयेत, एवढं मात्र त्याला पाठ करून घ्यावं लागलं.

आमच्या यार्डातून निवृत्त झालेले एक मापारी आहेत. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्या शिबिरात साठी ओलांडलेल्या गरजूंना काठ्या, चष्मे, कवळ्या आणि कानाच्या मशिनी मिळतात, कानपूरच्या अलिम्कोच्या. त्यांनाही मिळाली. ती त्यांनी प्लास्टिकसकट कपाटात ठेवली आहे आणि लग्नाकार्याला काढतात. लग्नाच्या मंडपात, बँडसमोर! वर्षातून मोजून त्याच दिवशी लावायची जेव्हा ती लावू नये, आणि मग ‘मशीन बेकार हाय’ म्हणायचं. रोज थोडी थोडी, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना लावून डोक्याला सवय करा, असं मी त्यांना सांगतो. ते मान डोलावतात. मान डोलावणं हे ऐकू न आल्याचं जुनं लक्षण आहे, ते मी नाही ओळखणार तर कोण?

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. तारीख मुद्दाम निवडलेली आहे, ३ आणि ३ हे आकडे दोन बाजूंच्या दोन कानांसारखे दिसतात म्हणून. नेमका तो आमचा मिरचीचा हंगाम. त्या दिवशी यार्डात कुणाला काही ऐकवायचं म्हणजे ट्रक बंद करावे लागतील.

तरी मी यंदा शेजारच्या गाळ्यातल्या शेठना धरलं. त्यांचं सगळं माझ्यासारखंच आहे. बोटं बघतात, ओठ बघतात, आणि घरी कूलर हिवाळ्यातही काढत नाहीत. ‘मले कायले लागते मशीन? मले तं सगळं आयकू येते,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, कुणी बघत नाही असं पाहून, हळूच, ‘कितीले पडली?’ मी वही लिहीत होतो, मान खाली होती. म्हटलं, ‘जोडी साठ हजाराला.’

‘आठ हजार? येवढी स्वस्त? मंग मले बी आणून द्या,’ म्हणाले, आणि गल्ल्यातून आठ हजार मोजून त्यांनी माझ्या वहीवर ठेवले. उरलेल्या बावन्न हजारांचं त्यांना कसं ऐकवावं, ते अजून ठरलेलं नाही.